हंगामी कामगार, बेकारी भत्ता आणि गावाचे अंदाजपत्रक

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते. मुलांना शिकवा, मुलींना शिकवा, दहावीनंतर शाळा सोडू देऊ नका, असे आम्ही सांगतो आणि आपण माना डोलावता. मीही यापूर्वी तसेच बोललो आहे. आज मात्र आपली परवानगी घेऊन थोडा वेगळा विषय मांडणार आहे. विषय आहे अंदाजपत्रकाचा. शिक्षकाचा आणि अंदाजपत्रकाचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. तो संबंध मला एका विद्यार्थ्याने शिकवला. म्हणून प्रथम त्याची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही.

हा मुलगा आठवीत माझ्या वर्गात होता. गणितात चांगला, अक्षर वळणदार, जूनपासून एकही खाडा नाही. दिवाळीची सुट्टी संपली आणि तो आलाच नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'गै' लिहीत राहिलो. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात 'पालकांचे दुर्लक्ष' असे तीन आठवड्यांनी लिहिले आणि त्यानंतर त्याच्या घरी गेलो. क्रम उलटा असायला हवा होता, हे आज कबूल करतो.

मुलगा घरी नव्हता. एका गॅरेजात पाने-पक्कड उचलून द्यायच्या कामावर गेला होता. वडील घरीच होते. ते हिवतापाच्या फवारणीवर हंगामी कामगार. पावसाळ्याच्या दिवसांत पाठीवर पंप घेऊन गावोगाव, घरोघर फवारणी करायची, आणि हंगाम संपला की घरी बसायचे. ते मला म्हणाले, "सर, काम असतं तेवढे दिवस बोलावतात. नसलं की कोणी विचारत नाही. पोराला मी शाळेतून काढलेला नाही. पुढचा हंगाम लागला की येईल."

या एका वाक्याने माझा शेरा खोटा ठरवला. त्या घरात शिक्षणाबद्दल अनास्था नव्हती. त्या घरात हंगाम नव्हता.

पुढे बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेवक पुरुष या पदांच्या भरतीत निम्म्या जागा हंगामी फवारणी कर्मचाऱ्यांसाठी असतात. अट अशी की उमेदवाराने हंगामी क्षेत्र कर्मचारी म्हणून ९० दिवस काम केल्याचा दाखला आणला पाहिजे. हे गृहस्थ विज्ञान घेऊन दहावी झालेले. तीन हंगाम त्यांनी पंप पाठीवर वागवला होता. पण दाखला मागायला गेले तेव्हा त्या कार्यालयात त्या वर्षांचे मस्टर सापडत नाही असे उत्तर मिळाले. त्यांच्याजवळ हजेरीचा एक कागदही नव्हता. अर्जाची मुदत निघून गेली.

ज्या माणसाने सरकारी काम केले, त्याला ते केल्याचे सिद्ध करता आले नाही. आणि काम नसलेल्या दिवसांत त्याच्या मुलाने शाळा सोडून घर चालवले. आजचे माझे सगळे बोलणे या दोन गोष्टींभोवती आहे.

आता आपल्या आजूबाजूला पाहा. पावसाळ्यापूर्वी नाले आणि गटारे साफ करणारे मजूर कोण आहेत? उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवर कोण असते? उरुसाच्या आणि जत्रेच्या दिवसांत जादा सफाईसाठी कोणाला बोलावतात? फवारणी कोण करते? आपल्या मोहल्ल्यातली अनेक घरे या कामांवर चालतात. ही सर्व कामे सार्वजनिक आहेत. त्यांच्यामुळे गाव निरोगी राहते. परंतु काम करणारा मात्र नगरपालिकेच्या दृष्टीने चार महिन्यांचा पाहुणा असतो. कोठे थेट रोजंदारीवर, कोठे ठेकेदारामार्फत. ठेकेदार मध्ये आला की हजेरीचा कागद आणखी लांब जातो.

कोणी विचारील, कायदा काही संरक्षण देत नाही का? देतो, पण हंगामी माणसाला दारातच अडवून देतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामावरून तात्पुरते बसवले तर निम्म्या पगाराइतकी भरपाई देण्याची तरतूद होती. ती हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना लागू नव्हती. त्याच कायद्यात वर्षातून २४० दिवस काम भरले तर कामगाराला कपातीच्या वेळी काही हक्क मिळत. चार महिन्यांच्या हंगामात २४० दिवस कसे भरणार? हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला, पण हंगामी माणसाची मूळ अडचण तिने मिटवलेली नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकाला भत्ता देण्याची सोय २००५ साली झाली. परंतु १९४८ च्या मूळ कायद्याने हंगामी कारखाने विम्याच्या कक्षेबाहेरच ठेवले होते. थोडक्यात, ज्याला वर्षभर पगार आहे त्याच्यासाठी बेकारीची छत्री आहे आणि ज्याची बेकारी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येते तो उघड्यावर आहे.

मग हंगामी माणसाला भत्ता देणे अशक्यच आहे काय? तसे मुळीच नाही. आपल्याच महाराष्ट्रात साखर कारखान्यांमध्ये 'हंगामी कायम' नावाचा कामगार असतो. गाळप बंद झाले की त्याला घरी पाठवतात. पण पुढच्या हंगामात तोच माणूस परत यावा म्हणून मधल्या महिन्यांत पगाराचा काही हिस्सा भत्ता म्हणून देण्याची पद्धत तिथे वेतन मंडळाच्या काळापासून रुजली आहे. 'हंगामी' आणि 'हंगामी कायम' यांत एकाच शब्दाचा फरक. पण त्या एका शब्दामागे कारखान्याच्या हिशेबात एक आकडा असतो. आकडा नसेल तर शब्द उपाशी ठेवतो.

आता या विषयावर महाराष्ट्राने साऱ्या देशाला जो धडा दिला त्याकडे वळतो. विद्यार्थ्यांनी हा भाग नीट ऐकावा, कारण पाठ्यपुस्तकात तो दोन ओळींत संपतो.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, काम मागणाऱ्याला काम देण्याचा प्रयोग सुरू करविला. १९७२ साली महाराष्ट्रात तो प्रसिद्ध दुष्काळ पडला. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना त्या सुकडीची आणि खडी फोडण्याची आठवण असेल. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधिमंडळाने १९७७ साली तिचा कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम द्यायचे, आणि देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असे सरकारने कायद्याने मान्य केले. भत्ता किती? दिवसाला किमान एक रुपया. आज हसू येईल. पण तो एक रुपया हक्काचा होता, खैरातीचा नव्हता.

माझ्या मते त्या योजनेतील खरी शहाणपणाची गोष्ट दुसरीच होती. तिचा पैसा कोठून येणार हे आधी ठरवले गेले. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून तो घ्यायचा, रोजगार हमीसाठी वापरायचा आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून त्यात घालायची. माझ्या पगारपत्रकात आजही दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. पूर्वी तो रकाना पाहून मी कुरकुर करीत असे. तो कर का सुरू झाला हे वाचल्यापासून कुरकुर बंद झाली. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या रिकाम्या हंगामासाठी वर्षातून काही रुपये द्यावेत, यात मला अन्याय दिसत नाही.

महाराष्ट्राची ही कल्पना पुढे देशाने स्वीकारली. संसदेने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. वर्षात घरटी १०० दिवस काम; १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चतुर्थांश आणि त्यापुढे किमान निम्मा भत्ता. २०२५-२६ साली महाराष्ट्रासाठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे भत्ता पहिल्या महिन्यात दिवसाला ७८ रुपये आणि पुढे १५६ रुपये झाला असता. 'झाला असता' असे मी मुद्दाम म्हणतो, कारण हा भत्ता प्रत्यक्षात फारच थोड्या माणसांच्या हाती पडला.

असे का झाले? त्याचे कारण अंदाजपत्रकातच आहे. मजुरीचा पैसा केंद्र सरकार देणार, पण बेकारी भत्ता मात्र राज्य सरकारने आपल्या खिशातून द्यायचा, अशी वाटणी कायद्यात होती. भत्त्याचे दिवस मोजायचे ते मजुराने अर्ज दिल्याच्या तारखेपासून. आणि अर्जाची तारीखवार पावती देणार कोण? त्याच सरकारी यंत्रणेचा माणूस. पावती दिली तर आपल्याच यंत्रणेवर भत्त्याचा बोजा येणार, हे ज्याला ठाऊक आहे तो पावती कशाला देईल? काम निघेल तेव्हा मजुराला बोलवायचे आणि त्याच दिवशीचा अर्ज लिहून घ्यायचा, ही सोपी वाट निघाली. कायद्यात भत्ता राहिला, कागदावर बेकारच उरला नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ केले आहेत. परंतु बहुतेक राज्यांना आता खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत मिळून ६० दिवसांपर्यंत कामे थांबवता येतील असेही त्यात आहे. त्याचे बरे-वाईट मी येथे सांगत नाही. एवढेच म्हणतो की दिवसांचा आकडा वाचताना शेजारच्या पैशाचा आकडाही वाचला पाहिजे. हक्क एका पानावर आणि पैसा दुसऱ्या पानावर असेल, तर दोन्ही पाने एकत्र धरून वाचणारा नागरिक हवा.

शाळेच्या संदर्भातील एक उदाहरण दूरदेशीचे आहे, पण ते आपल्या अंगणापर्यंत येते. अमेरिकेत बेकारी विमा १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यापासून आहे. तरी तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या बसचे चालक, भोजनगृहातील स्वयंपाकी, वर्गातील मदतनीस यांना तो मिळत नसे. सुट्टीनंतर तुम्हाला परत बोलावणार आहेत, मग तुम्ही बेकार कसले, असा युक्तिवाद होता. मिनेसोटा राज्याने २०२३ साली कायदा बदलून तासावर काम करणाऱ्या शाळा कर्मचाऱ्यांना सुट्टीतील बेकारी भत्त्याचा हक्क दिला. लगेच शाळांच्या स्थानिक मंडळांनी विचारले, पैसे कोण देणार? आमच्या अंदाजपत्रकातून द्यायचे तर शिक्षक कमी करावे लागतील. तेव्हा राज्याने १३ कोटी ५० लाख डॉलरची वेगळी तरतूद केली. पण ती रक्कम संपल्यावर काय, हा प्रश्न राहिलाच. त्या मंडळांची शंका खोटी नव्हती आणि त्या स्वयंपाक्यांची भूकही खोटी नव्हती. दोन्ही बाजूंना खरे असते तेव्हाच प्रश्न अवघड होतो.

आता आपल्या शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत डोकावून पाहा. मोठ्या पातेल्यात खिचडी शिजवणाऱ्या आपल्याच विद्यार्थ्यांच्या अम्मी, खाला, फुफी तिथे आहेत. केंद्र सरकारने २००९ साली स्वयंपाकी-मदतनिसांसाठी दरमहा १,००० रुपये मानधन ठरवले, तेही वर्षातले दहा महिने. राज्याने पुढे त्यात भर घातली. पण केंद्राचा हिशेब दहा महिन्यांचाच. सुट्टीचे दोन महिने गृहीत धरलेले नाहीत. सुट्टीत मला पगार असतो. माझ्याच शाळेत जी बाई रोज मुलांना जेवू घालते तिला नसतो. मी हे अनेक वर्षे पाहत होतो, पण या दृष्टीने पाहिले नव्हते.

आता नगरपालिकेची बाजू. तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाही तर हे भाषण केवळ तक्रार होईल. पूर्वी नगरपालिकेचे मोठे उत्पन्न म्हणजे जकात. शब्द आपल्या परिचयाचा आहे! आपण जकात काढतो ती गरिबाचा हक्क म्हणून. नगरपालिका नाक्यावर जकात घेई ती मालावरचा कर म्हणून. राज्यातील नगरपालिकांची जकात १ ऑगस्ट १९९९ पासून बंद झाली. महानगरपालिकांची पुढे टप्प्याटप्प्याने बंद होत गेली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईचीही गेली. व्यापाऱ्यांची नाक्यावरची रांग संपली हे चांगलेच झाले. पण त्या दिवसापासून नगरपालिकेचा हात राज्याच्या अनुदानाकडे पसरलेला राहिला. घरपट्टी आणि पाणीपट्टी ही तिची स्वतःची साधने. आणि ती आपण किती वेळेवर भरतो हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. घरपट्टी थकवायची आणि हंगामी कामगाराला भत्ता का नाही म्हणून सभेत ओरडायचे, हे दोन्ही एकाच तोंडाने शोभत नाही.

शिवाय आस्थापनेवरचा खर्च वाढू देऊ नका असा शासनाचा दट्ट्या असतो. कायम माणूस घेतला की पगार, रजा, निवृत्तिवेतन आले. म्हणून पालिका हंगामी माणूस घेते. तो स्वस्त पडतो. खरोखर स्वस्त पडतो काय? चला, फळ्यावर एक उदाहरण सोडवू. आकडे मी कल्पनेने घेतले आहेत, पण रीत खरी आहे.

समजा एका नगरपालिकेने ४० हंगामी कामगार १०० दिवसांसाठी, दिवसाला ४०० रुपये मजुरीने घेतले. खर्च झाला १६ लाख रुपये. आता समजा हंगामानंतर ९० दिवस त्यांना मजुरीच्या चतुर्थांश, म्हणजे दिवसाला १०० रुपये भत्ता द्यायचा ठरला. खर्च ३ लाख ६० हजार. आयत्या वेळी एवढी रक्कम काढायची म्हटले तर मुख्याधिकारी हात वर करतील. पण ती हंगामाच्या ४,००० मनुष्यदिवसांवर वाटून टाका. एका दिवसाला ९० रुपये येतात. याचा अर्थ असा की ते काम मुळातच ४०० रुपयांचे नव्हते, ४९० रुपयांचे होते. पालिका ४०० देते. उरलेले ९० कोण देते? ते त्या कामगाराच्या घरचे देतात. वाण्याची उधारी देते, बायकोचे गहाण पडलेले डोरले देते, आणि शेवटी तेरा वर्षांचा मुलगा गॅरेजात जाऊन देतो. खर्च वाचलेला नाही, तो केवळ एका अंदाजपत्रकातून दुसऱ्यात लिहिला गेला आहे. पालिकेच्या छापील अंदाजपत्रकात तो दिसत नाही. माझ्या हजेरीपटावर दिसतो. तिथे त्याचे नाव 'गै'.

यावर आक्षेप येतात. पहिला असा की भत्ता दिला तर माणूस आळशी होईल. चारशेच्या जागी शंभर रुपये मिळाले म्हणून आळशी होणारा बाप मी पाहिलेला नाही. शंभर रुपयांत घर चालत नाही, पण मुलाची शाळा सुटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भत्ता द्यावा लागला तर पालिका ४० ऐवजी ३० माणसे घेईल. हे घडू शकते. म्हणूनच हा बोजा एकट्या पालिकेवर टाकू नये असे माझे मत आहे. पागे साहेबांच्या काळात व्यवसाय करासारखा वेगळा निधी उभा केला, तसा काही वाटा राज्याने उचलावा, काही पालिकेने हंगामातच बाजूला काढावा. आणि महत्त्वाचे म्हणजे, जो पैसे देणार त्याच्याच हातात पावती देण्याचा अधिकार एकट्याने नसावा. तिसरा आक्षेप आपल्यातलाच आहे. लोक म्हणतात, आपली जकात आहे, बैतुलमाल आहे, गरिबाची सोय आपण करू. अवश्य करावी. परंतु ज्याने गावाचे काम केले त्याची रिकामी चूल हा दानाचा विषय नाही, मजुरीचा विषय आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मोबदला त्याच्या हाती पडावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. हक्काच्या जागी सदका ठेवला तर देणाऱ्याला समाधान मिळते, घेणाऱ्याची मान मात्र खाली जाते.

हंगामाच्या दिवसांत पुढच्या टंचाईसाठी राखून ठेवणे ही काही परकी कल्पना नाही. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांची हकिकत इथे बसलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. सात वर्षे सुकाळ, सात वर्षे दुष्काळ. त्यांनी दुष्काळ आल्यावर वर्गणी गोळा केली नाही. सुकाळातच धान्य कणसासकट राखून ठेवले. मी ती हकिकत मुलांना सांगताना आता म्हणतो, हे राज्याच्या अंदाजपत्रकाचे उत्तम उदाहरण आहे.

आता आपण काय करावे, हे सांगून संपवतो. मोठ्या गोष्टी माझ्या हातात नाहीत, म्हणून लहानच सांगतो.

पहिली गोष्ट, कागद. जे पालक हंगामी कामावर जातात त्यांनी पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख, काम, ठिकाण, मुकादमाचे नाव आणि मिळालेली मजुरी लिहावी. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यावी. ही वही म्हणजे सरकारी दाखला नव्हे, हे मला मान्य आहे. पण दाखला मागताना, मस्टर शोधायला लावताना ती हातात असली की माणूस रिकाम्या हाताने उभा राहत नाही. हंगाम संपला की त्याच आठवड्यात कामाच्या दिवसांचा दाखला लेखी अर्जाने मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तीन वर्षांनी मागितलेला दाखला मिळत नाही, हे आपण ऐकलेच.

दुसरी गोष्ट, अंदाजपत्रक वाचणे. नगरपालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी मार्च संपण्यापूर्वी मंजूर होते. ते गुप्त नाही. मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपयांच्या अर्जावर मागता येते. आरोग्य आणि सफाई या शीर्षाखाली हंगामी मजुरीवर किती, ठेक्यावर किती, हे पाहावे आणि नगरसेवकाला विचारावे. खेड्यातल्या पालकांनी ग्रामसभेत विचारावे. विचारणारा एक असला तर त्याला बसवतात. चाळीस पालक असले तर उत्तर द्यावे लागते.

तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांसाठी. ज्या मुलांचे पालक हंगामी कामावर आहेत त्यांची यादी वर्गशिक्षकाजवळ असावी. हंगाम केव्हा संपतो हे ठाऊक असले की मूल केव्हा गळेल हेही आधी कळते. वही, गणवेश, परीक्षा शुल्क यांची मदत संस्था जूनमध्ये देते. ती थोडी तरी मागे ठेवून हंगाम संपण्याच्या महिन्यात द्यावी, अशी माझी पदाधिकाऱ्यांना नम्र विनंती आहे. आणि शेऱ्याच्या रकान्यात 'पालकांचे दुर्लक्ष' लिहिण्यापूर्वी एकदा घरी जाऊन यावे. ही सूचना मी प्रथम स्वतःला करतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला शेवटचे सांगतो. टक्केवारीची उदाहरणे तुम्हाला रुक्ष वाटतात. पण मी मघाशी जे उदाहरण सोडवले ते सातवी-आठवीच्या गणितापलीकडचे नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या नगरसेवक होईल, कोणी लेखापाल होईल, कोणी मुख्याधिकारी होईल. त्या खुर्चीत बसाल तेव्हा ४०० च्या पुढचे ९० रुपये कोणाच्या खात्यावर पडतात, एवढे विसरू नका.

तो मुलगा परत आला काय, असे मला काही जणांनी विचारले आहे. आला. फेब्रुवारीत आला. वार्षिक परीक्षेला तो बसला आणि उत्तीर्ण झाला, पण पहिल्या पाचात असणारा मुलगा मधेच कोठेतरी लागला. ते तीन महिने त्याला कोणीही परत देऊ शकणार नाही. त्याचे वडील मात्र आता एक वही ठेवतात. मागच्या हंगामात ती वही मुलाने लिहिली आहे, आणि अक्षर अजून तसेच वळणदार आहे.